थोडी यंत्रे, पुष्कळ पिढ्या

ज्या प्रयोगांवर आनुवंशशास्त्र उभे राहिले त्यांत उपकरणे म्हणण्यासारखे काही नव्हतेच. होता तो काळ, आणि होती ती मोजदाद. ब्रनो येथील मठाच्या बागेत ग्रेगॉर मेंडेल यांनी १८५६ पासून १८६३ पर्यंत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे वाढवली, त्यांच्या बियांचा, फुलांचा आणि शेंगांचा काटेकोर जमाखर्च ठेवला, आणि तो १८६५ साली तेथील निसर्गाभ्यासकांच्या सभेत वाचून पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. एका संकराच्या दुसऱ्या पिढीत ५४७४ बिया गोल आणि १८५० सुरकुतलेल्या निघाल्या, ही हकीकत आज शाळकरी विद्यार्थ्यालाही ३ : १ या संक्षिप्त रूपात तोंडपाठ असते; परंतु त्या दोन आकड्यांच्या मागे जी प्रतीक्षा आहे आणि जी अनिश्चितता आहे, ती त्याच्या अनुभवास कधीच येत नाही. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे आणि तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. वाटाण्याची एक पिढी वाढवून मोजायची तर तेवढ्यातच हंगाम सरतो. टॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे शिष्य यांनी कोलंबिया विद्यापीठात ज्या फळमाशीवर १९१० नंतर इतके अपूर्व काम केले, तिची पिढीसुद्धा २५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे दहा दिवस घेते.

संगणकावरील प्रतिरूपण, ज्याला आपण सर्रास सिम्युलेशन म्हणतो, ते या अडचणीवर तोडगा म्हणून शिक्षणात आले. आईबापांची जोडी निवडावी, संकर घडवावा, संतती मोजावी, तिच्यातून पुढची जोडी निवडावी, आणि एका तासिकेत पाच-दहा पिढ्या डोळ्यांखालून घालाव्यात, अशी ही सोय आहे. तथापि सोय म्हणताच आपल्याकडील बहुसंख्य शाळांत पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्रांचा. प्रयोगशाळेत संगणक दहा मांडलेले असतात. त्यांतले चालू किती, हे चौकशीअंती कळते. जे चालू असतात ते जुने, त्यांची स्मृती तुटपुंजी, इंटरनेटची जोडणी असली तर असली. आणि समोर बसलेला वर्ग चाळीस किंवा साठ मुलांचा. अशा स्थितीत मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी 'आधी पुरेसे संगणक येऊ देत, मग पाहू' असा निर्णय घेतला तर त्यांना दोष देणे सोपे नाही. तरीही तो निर्णय चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आनुवंशशास्त्राला लागणारा संगणक फार मोठा कधीच नव्हता, आणि यंत्रे थोडी असणे ही गोष्ट, धडा नीट योजला तर, या विषयाच्या शिक्षणाला पोषकच ठरू शकते.

पहिल्या विधानाचा पुरावा इतिहासातच आहे. नील्स ऑल बारिचेली या गणितज्ञाने संगणकाच्या स्मृतीत अंकरूपी 'जीव' सोडून त्यांची उत्क्रांती पाहण्याचे प्रयोग १९५३ साली प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत आरंभिले, ते जॉन फॉन नॉयमन यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या यंत्रावर. त्या यंत्राची स्मृती ४० अंकी १०२४ शब्दांची, म्हणजे आजच्या परिभाषेत पाच किलोबाइटची होती. आणि तेही यंत्र दिवसा हवामानाच्या व अण्वस्त्रांच्या गणितांत गुंतलेले असल्यामुळे बारिचेलींच्या वाट्याला बहुधा रात्रीचे तास येत. पुढे चारच वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियात ॲलेक्स फ्रेझर यांनी सिडनी विद्यापीठाच्या 'सिलिॲक' या तितक्याच लहान संगणकावर जनुकांचे संक्रमण, त्यांची सहलग्नता आणि निवड यांचे प्रतिरूपण करून दाखवले, व जनुकांची जोडी शून्य आणि एक या दोन अंकांनी मांडण्याची जी पद्धत त्यांनी वापरली, तीच आजच्या आज्ञावल्यांच्या पोटातही आहे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली कार्यान्वित केलेल्या 'टिफ्रॅक' या यंत्राची स्मृती याच्या दुप्पट, २०४८ शब्दांची होती. तेवढ्यात मेंडेल यांची बाग सुखाने मावली असती.

ती कशी मावली असती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक गुणासाठी रोपाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन जनुकरूपे मिळतात, आणि प्रत्येक रूप प्रभावी की अप्रभावी एवढेच नोंदवायचे असल्याने त्याला एक बिट पुरतो. मेंडेल यांनी सात गुण अभ्यासले. म्हणून एका रोपाला चौदा बिट, हजार रोपांना चौदा हजार बिट, म्हणजे पावणेदोन हजार बाइट. त्या प्रसिद्ध ७३२४ बियांच्या आकाराची संपूर्ण जनुकीय नोंद १८३१ बाइटांत बसते. साध्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्र यापेक्षा हजार पटीहून अधिक जागा अडवते. राहता राहिली प्रजननाची क्रिया. युग्मक तयार होताना दोन रूपांतले कोणतेही एक समान संभाव्यतेने उचलले जाते, म्हणजे यंत्राने एक नाणे उडवायचे. आईसाठी एकदा, बापासाठी एकदा, एवढीच एका अपत्याची आणि एका गुणाची किंमत. निसर्गाने आनुवंशिकतेचा कारभार सुट्या, न विरघळणाऱ्या एककांत चालवला आहे, आणि मेंडेल यांचा खरा शोध तोच होता. अंकगणिती यंत्राशी या विज्ञानाची इतकी सहज जुळणी होते ती त्यामुळेच.

मग जुना संगणक अडखळतो कोठे? तो अडखळतो चित्रांपाशी. भारत सरकारने १९८४ साली शाळांतील संगणक-साक्षरतेचा जो 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांना 'बीबीसी मायक्रो' ही यंत्रे देण्यात आली. या यंत्राच्या 'बी' जातीची एकूण स्मृती ३२ किलोबाइटची. तीपैकी रेखीव आलेखनाचा पडदा निवडला तर २० किलोबाइट एकटा पडदाच घेत असे, आणि केवळ अक्षरांचा सातवा पडदा निवडला तर त्याचे काम एका किलोबाइटात भागे. म्हणजे तोच संकर, तीच संतती, तेच गणित. परंतु माश्यांची रंगीत चित्रे हवीत की अक्षरे चालतील, यावर धडा त्या यंत्रात मावेल की नाही हे ठरे. आज आकडे बदलले आहेत, प्रमाण तेच आहे. जालदर्शक उघडताच जेवढी स्मृती खर्ची पडते तिच्या तुलनेत आतल्या आनुवंशिक गणिताचा वाटा नगण्य असतो. चित्रांपायी आणखी एक हानी झाली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. फ्लॅश या माध्यमावर बांधलेली शेकडो शैक्षणिक प्रतिरूपणे ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या माध्यमाचा आधार काढून घेण्यात आल्याने एकाएकी निरुपयोगी झाली. साध्या मजकुरावर चालणारी छोटी आज्ञावली मात्र चाळीस वर्षांनंतरही थोड्या फेरफाराने चालू शकते.

या क्षेत्रात ज्यांनी मूलभूत विचार केला त्यांनी तो लहान यंत्रांवरच केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यूडिथ किनिअर यांची 'कॅटलॅब' ही मांजरांच्या रंगांवरील आज्ञावली १९८०च्या दशकाच्या आरंभीची. तीत विद्यार्थ्याने मांजरांची जोडी निवडायची आणि वेतातली पिल्ले पाहून नियम शोधायचे. त्याच दशकात जॉन युंग्क आणि जॉन कॅली यांनी 'जेनेटिक्स कन्स्ट्रक्शन किट' रचले, ते पुढे विस्कॉन्सिनमधील बेलॉइट महाविद्यालयातून चालणाऱ्या 'बायोक्वेस्ट' या उपक्रमाचे प्रमुख साधन ठरले. या दुसऱ्या आज्ञावलीची रचना मला विशेष महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याच्या हाती काल्पनिक कीटकांची एक कुपी दिली जाते आणि त्यांची बाह्य लक्षणे तेवढी दाखवली जातात. कोणते लक्षण प्रभावी, कोणते जनुक लिंगसूत्रावर, कोणती दोन जनुके एकाच गुणसूत्रावर बांधलेली, हे काहीएक सांगितले जात नाही. उत्तरे शेवटी उघडून दाखवण्याची सोयही हेतुपुरस्सर ठेवलेली नाही. प्रश्न स्वतः मांडावा, तो सोडवावा, आणि आपला निष्कर्ष सहाध्यायांना पुराव्यानिशी पटवून द्यावा, ही तीन पावले या मंडळींनी विज्ञानशिक्षणाची त्रिसूत्री मानली. यांपैकी केवळ मधल्या पावलाला संगणक लागतो. पहिले आणि तिसरे पाऊल वही, फळा आणि बोलणे यांवरच पडते, आणि विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ तेथेच जायला हवा.

याची प्रचीती १९९०च्या दशकातील 'जीनस्कोप' या आज्ञावलीच्या इतिहासातून येते. पॉल हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही आज्ञावली फार देखणी होती; काल्पनिक ड्रॅगनची शिंगे, पंख आणि रंग यांच्या आधारे रेणूपासून समूहापर्यंतचे सर्व स्तर ती एकाच पडद्यावर जोडून दाखवी. मुले तिच्यात रमली, पडद्यावरील कोडी सफाईने सोडवू लागली. पण तेच प्रश्न कागदावर विचारले तेव्हा आरंभीच्या वर्गांत अपेक्षित प्रगती दिसली नाही. पुढे पडद्यावरील कामाच्या जोडीला लेखी कृतिपत्रिका दिल्या, मुलांकडून कारणे लिहून घेतली, तेव्हा फरक पडला. यंत्रावर हात चालणे आणि मनात तर्क चालणे या दोन भिन्न क्रिया आहेत; प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक दिल्याने पहिली घडते, दुसरीची तरतूद शिक्षकालाच करावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे. ३ : १ हे प्रमाण मुले पाठ करतात तेव्हा त्यांच्या मनात अशी समजूत रुजते की मिश्र जातीच्या जोडप्याला चार अपत्ये झाली तर तीन एका प्रकारची आणि एक दुसऱ्या प्रकारचे, असाच हुकूम आहे. वास्तविक चार अपत्यांत बरोबर तीन आणि एक अशी विभागणी होण्याची शक्यता शंभरांत ४२ आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा ती होतच नाही. अपत्ये सोळा असली तर नेमके बारा आणि चार हे घडण्याची शक्यता शंभरांत २२ ते २३ वर येते, आणि चारशे असली तर बरोबर तीनशे आणि शंभर हे पाचांच्याही खाली घसरते. येथे चौकस विद्यार्थी विचारील की, संख्या वाढली तशी अचूकता वाढायला हवी होती, ती घटली कशी? उत्तर असे की संख्या वाढल्यावर नेमका आकडा साधणे कठीण होते, पण आकड्याचे प्रमाण मात्र ७५ टक्क्यांच्या भोवती अधिकाधिक घट्ट आवळत जाते: चारशे अपत्यांत प्रभावी लक्षणाची संतती ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पडण्याची शक्यता शंभरांत सुमारे ९८ आहे. खुद्द मेंडेल यांच्या ७३२४ बियांत अपेक्षा ५४९३ गोल बियांची होती, मिळाल्या ५४७४. एकोणीस बियांची तूट. एवढ्या मोठ्या मोजणीत तीस-पस्तीस बियांचा चढउतार सहज संभवतो, म्हणून ही तूट नियमाच्या विरोधात जात नाही.

हे सत्य एकट्या मुलाने एका यंत्रावर एक कळ दाबून दहा हजार अपत्ये निर्माण केली तर त्याला कधीच उमगणार नाही, कारण तेथे योगायोग दिसतच नाही, पडद्यावर ७४.९ टक्के उमटते आणि विषय संपतो. म्हणून माझी सूचना अशी की आज्ञावलीत संततीची संख्या मुद्दाम लहान ठेवावी. चाळीस मुलांचा वर्ग, पाच-पाचांचे आठ गट, आणि चालू यंत्रे दोन, अशी कल्पना करा. प्रत्येक गटाने यंत्राजवळ येण्यापूर्वी आपली जोडी ठरवावी, अपेक्षित आकडा वहीत लिहावा, त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. मग यंत्रावर आठ-दहा मिनिटांत पन्नास अपत्यांची नोंद करून घ्यावी आणि जागा सोडावी. पन्नासांत प्रभावी लक्षणाची संतती बहुधा ३२ ते ४३ यांच्या दरम्यान कोठेही पडेल. आठ गटांचे आठ आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडले की कोणाचे ३३, कोणाचे ४१, आणि तरी सर्वांचा संकर एकच, हे वर्गाला दिसते. आणि त्या आठांची बेरीज केली की मघाचे विस्कळीत आकडे तीनशेच्या आसपास येऊन स्थिरावतात.

या एकत्रीकरणाचे मोल केवळ नाट्यापुरते नाही, त्यावाचून काही प्रश्न सुटतच नाहीत. मँक्स जातीच्या बिनशेपटी मांजरांचे उदाहरण घ्या. बिनशेपटीपणाचे जनुक प्रभावी आहे, पण ज्या गर्भात ते दोन्हीकडून येते तो गर्भ जन्मापूर्वीच मरतो. त्यामुळे बिनशेपटी नर-मादीच्या पिल्लांत बिनशेपटी आणि शेपटीवाली यांचे प्रमाण ३ : १ ऐवजी २ : १ येते. पन्नास पिल्लांत ३ : १ ची अपेक्षा साडेसदतीस बिनशेपटी पिल्लांची, २ : १ ची सुमारे तेहतिसांची; एखाद्या गटाला ३५ मिळाली तर तो कोणत्या बाजूने निकाल देणार? दोन्ही बाजूंनी तितकेच बोलता येईल. परंतु आठ गटांच्या चारशे पिल्लांत एक अपेक्षा तीनशेची आणि दुसरी २६७ची. मधले अंतर ३३ आणि योगायोगाचा चढउतार बहुधा १९ च्या आत, म्हणून बहुतेक वेळा निवाडा होतो. जे एका गटाला सिद्ध करता आले नाही ते सगळ्या वर्गाने मिळून सिद्ध केले, हा अनुभव संगणक कमी असल्याने मुलांच्या वाट्याला आपसूक येतो.

येथे एक तांत्रिक खबरदारी सांगणे अगत्याचे आहे. संगणक नाणे उडवतो असे आपण म्हणतो, पण तो उडवत नाही. एका आरंभीच्या अंकापासून, ज्याला बीज म्हणतात, ठरलेल्या सूत्राने पुढचे अंक काढत जातो, आणि बीज तेच असेल तर अंकांची मालिकाही तीच येते. पुष्कळ जुन्या यंत्रांत बीज न बदलता आज्ञावली चालवली की प्रत्येक यंत्रावर तंतोतंत तीच संतती निघते, आणि आठ गटांचे आकडे फळ्यावर सारखेच उमटलेले पाहून वर्ग चुकीचाच बोध घेतो. म्हणून प्रत्येक गटाने आपले बीज वेगळे द्यावे आणि ते वहीत टिपून ठेवावे. त्यामुळे गटाचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला तर तीच संतती पुन्हा काढून तपासता येते, ही सोय मेंडेल यांना नव्हती. या सूत्रांची धावही अमर्याद नसते. १९८२ सालच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात ६५,५३६ अंकांनंतर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

ही मर्यादा किती लवकर गाठली जाते हे पाहायचे तर पीटर ब्युरी यांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग संगणकावर उतरवून पाहावा. त्यांनी फळमाशीचे १०७ समूह वेगवेगळ्या बाटल्यांत राखले. प्रत्येकात आठ नर आणि आठ माद्या, सर्वांत डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाची दोन रूपे निम्मीनिम्मी. प्रत्येक पिढीच्या संततीतून पुन्हा आठ नर आणि आठ माद्या यदृच्छेने निवडायच्या, असे एकोणीस पिढ्या चालले. कोणत्याही रूपाची बाजू न घेता, केवळ लहान समूहातील योगायोगामुळे, शेवटी ३० समूहांतून एक रूप पार नाहीसे झाले, २८ समूहांत तेच एकटे उरले, आणि उरलेल्या ४९ मध्ये दोन्ही रूपे कमीअधिक प्रमाणात टिकून राहिली. जनुकीय विचलन म्हणतात ते हेच. संगणकावर याचा खर्च काढला तर १०७ गुणिले १६ गुणिले १९, म्हणजे ३२,५२८ माश्या, आणि प्रत्येकीला दोन याप्रमाणे ६५,०५६ नाणी. स्पेक्ट्रमची मालिका जेमतेम एका प्रयोगाला पुरली असती. आजचा कितीही जुना शालेय संगणक एवढे काम बघता बघता उरकतो.

परंतु या प्रयोगाकडे माझे विशेष लक्ष वेधते ते दुसऱ्याच कारणाने. संगणकातील सोळा माश्या आणि ब्युरी यांच्या बाटलीतील सोळा माश्या सारख्या वागत नाहीत. खऱ्या समूहांतील विविधता आदर्श गणितापेक्षा अधिक वेगाने आटली, कारण बाटलीतल्या प्रत्येक माशीला प्रजननात सारखा वाटा मिळत नाही. काहींची संतती पुष्कळ, काहींची मुळीच नाही, आणि त्यामुळे समूहाची परिणामकारक संख्या सोळापेक्षा बरीच कमी भरते. शिक्षकाने वर्गाच्या आकड्यांशेजारी ब्युरी यांचे आकडे लिहावेत आणि ही तफावत का, असे विचारावे. प्रतिरूपणात आज्ञावलीकाराने घातले तेवढेच असते. निसर्गात त्याहून अधिक असते, आणि ते अधिक काय आहे हे शोधण्यासाठी दोन्हींची तुलना लागते. म्हणूनच संगणकाच्या शेजारी पिकल्या केळ्यावर वाढलेल्या फळमाश्यांची एक बाटली ठेवावी असा माझा आग्रह आहे. तिला वीज लागत नाही, आणि एका सत्रात तिच्या दोन-तीन पिढ्या तरी पाहून होतात.

महाराष्ट्रात या विषयाला मांजरे आणि माश्या यांच्या पलीकडचे एक प्रयोजन आहे. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत आणि नंदुरबारकडच्या आदिवासी मुलखात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केली. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. या 'चारांत एक'चा अर्थ घरोघरी चुकीचा लावला जातो: एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निर्वेध, असे कोणी मानतो, पहिली दोन निरोगी निघाली म्हणजे धोका टळला, असे कोणी मानतो, आणि दोन मुले आजारी निघाली तर त्या माउलीच्या नशिबाला बोल लावला जातो. अशी चौसष्ट काल्पनिक कुटुंबे घ्या, प्रत्येकात तीन मुले. गणिताची अपेक्षा अशी की २७ कुटुंबांत एकही मूल आजारी नसेल, २७ मध्ये एक, ९ मध्ये दोन, आणि एका कुटुंबात तिन्ही मुले आजारी असतील. जोडपी सर्व एकाच प्रकारची, दैव मात्र चार प्रकारचे, आणि त्यात कोणाचाही अपराध नाही. वर्गातील मुलांनी हे आकडे स्वतः काढून पाहिले तर पुढे स्वतःच्या घरात आणि गावात ती अधिक शहाणपणाने बोलतील. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: कुटुंबे काल्पनिकच असावीत, वर्गातील कोणत्याही मुलाच्या घरची चौकशी करू नये.

यासाठी विशेष आज्ञावलीही लागत नाही. लिबरऑफिससारख्या मोफत संचातील हिशेबाचा तक्ता जुन्या यंत्रावरही चालतो. त्याच्या एका ओळीत एक अपत्य, दोन रकान्यांत यदृच्छेने शून्य किंवा एक, तिसऱ्यात त्यांची बेरीज, एवढ्याने काम भागते. तक्त्यात काहीही बदल केला की सर्व यादृच्छिक अंक पुन्हा नव्याने काढले जातात, म्हणून आलेली नोंद आधी वहीत उतरवून घेण्याची शिस्त लावावी. इंटरनेट नसलेल्या शाळेत एकदा उतरवून घेतली की जोडणीवाचून चालणारी प्रतिरूपणे निवडावीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची पुष्कळ साधने अशी आहेत. शाळेत एक तरी सबळ यंत्र असेल तर त्याच्या बळावर बाकीची दुबळी यंत्रे नुसते पडदे आणि कळफलक म्हणून वापरता येतात, आणि ही व्यवस्था लिनक्सवर विनामूल्य उभी करता येते. आणि जेथे वीजच गेली असेल तेथे प्रत्येक मुलाच्या हाती दोन नाणी द्यावीत. चौसष्ट कुटुंबांची १९२ अपत्ये चाळीस मुले पाच-पाच फेऱ्यांत पुरी करतात.

म्हणून ज्या शिक्षकांच्या प्रयोगशाळेत आज दोन किंवा तीनच संगणक चालू आहेत त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी नव्या यंत्रांच्या मंजुरीसाठी अर्ज अवश्य करावा, परंतु आनुवंशिकतेचा हा धडा त्या मंजुरीवर तहकूब ठेवू नये. प्रकरण शिकवायला घ्याल त्या आठवड्यात पहिली तासिका नाण्यांना द्या, दुसरी चालू असलेल्या यंत्रांना, आणि तिसरी फळ्यावरील बेरजेला व तिच्यावरील वादाला. आणि प्रत्येक गटाचे बीज व आकडे एका नोंदवहीत जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा वर्ग त्यांत आपली भर घालू शकेल.